पाहून सांगतो

बुऱ्हाणपुरात न पाहिलेली गोष्ट कधीच न सांगणारा माणूस एकच आहे. तो माझ्या बहिणीचा थोरला दीर आहे आणि या एका गुणापायी त्यांच्या गल्लीत आजवर दोन सोयरिकी फिसकटल्या आहेत. पहिल्या वेळी शेजारच्या मुलाची चौकशी करायला खंडव्याहून मुलीकडचे लोक आले होते. त्यांनी यांना ओट्यावर गाठलं आणि मुलगा कसा आहे म्हणून विचारलं. यांनी थोडा विचार केला. "मी त्याला दोनदा नीट पाहिलंय. दोन्ही वेळा झोपलेला होता." कधी, असं पाहुण्यांनी विचारल्यावर उत्तर आलं, "एकदा सकाळी अकराला, एकदा दुपारी चारला." मुलगा पॉवरलूमवर रातपाळी करायचा, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, यांनाही होतं. मग ते सांगितलं का नाही, म्हणून बहिणीने नंतर कपाळाला हात लावला, तर म्हणाले, "लूमवर उभं असताना मी त्याला पाहिलेलं नाही." दुसऱ्या वेळी मुलीबद्दल विचारणा होती. मुलीच्या हाताला चव आहे का? "चहा पाहिलाय. कपात माशी होती. माशी तिने टाकली की आपली आपण पडली, ते पाहिलेलं नाही." पाहुणे चहा न घेता उठले.

त्यांनी नोकरी केली ती गावातल्या एका कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. प्राध्यापक म्हणून नव्हे, परिचर म्हणून. काचसामान धुवायचं, कांद्याची साल सोलून स्लाइड करायची, बरण्यांतलं फॉर्मेलिन बदलायचं, प्रॅक्टिकलच्या दिवशी सूक्ष्मदर्शक मांडायचे, हे बत्तीस वर्षं. आपला स्वभाव तिथेच बनला, असं ते सांगतात, आणि त्याचा पुरावाही देतात. एका परीक्षेत एका स्लाइडमध्ये हवेचा बुडबुडा अडकला होता. बुडबुड्याखेरीज तिच्यात काहीच दिसत नव्हतं. त्या टेबलापाशी अकरा मुलांनी एकामागून एक डोळा लावला आणि अकराही जणांनी केंद्रक, भित्तिका सगळं जागच्या जागी असलेली सुबक पेशी काढून दिली. बाराव्या मुलीने एक वाटोळं काढलं आणि खाली लिहिलं, 'यात काही दिसत नाही.' ती नापास झाली. यांनी प्राध्यापकांना जाऊन सांगितलं की समोर होतं ते फक्त त्या मुलीनेच काढलंय. प्राध्यापक म्हणाले, "अहो, पुस्तकात काय आहे ते तरी काढायचं!" तेव्हापासून आपण पुस्तक आणि बुडबुडा वेगवेगळे ठेवतो, असं ते म्हणतात.

निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी हात प्रयोगशाळेतलेच राहिले. स्टेशनकडच्या रस्त्यावर ज्या टपरीवर ते चहा घेतात, तिथला चहावाला त्यांना लांबून पाहिलं की एक ग्लास बाजूला काढून ठेवतो. तो ग्लास ते उजेडाकडे धरतात, फिरवतात, परत देतात, पुन्हा धुऊन घेतात. काच खरोखर स्वच्छ असेल तर तिच्यावर पाण्याचा थेंब उभा राहत नाही, पाणी एकसारखं पसरून ओघळतं, हे त्यांनी चहावाल्याला इतक्यांदा दाखवलंय की आता तो चहावालाच दुसऱ्या गिऱ्हाइकांना दाखवतो. घरी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे. "साध्या डब्यांचंही यांनी दवाखान्यासारखं करून ठेवलंय," बहीण सांगते. "मिठाच्या डब्यावर काय लिहिलंय बघ." लिहिलं होतं, 'मीठ. चाखून खात्री केली.' साखरेच्या डब्यावर तसलं काही नव्हतं. विचारल्यावर कळलं की त्यांना मधुमेह आहे आणि साखर त्यांनी चाखलेली नाही. त्यामुळे त्या डब्यावर 'साखर असल्याचे वहिनी म्हणतात' अशी नोंद होती. 'वहिनी' म्हणजे माझी बहीण. नात्याने धाकटी असली तरी तिला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही.

चौकात एका मोटारसायकलची आणि हातगाडीची टक्कर झाली, तेव्हा पोलिसांनी साक्षीला नेमकं यांनाच धरलं. हवालदार लिहून घेत होता, मोटारसायकल भरधाव आली आणि पडली. हे म्हणाले, "पडलेली पाहिली. पडताना पाहिली नाही. मी पाठमोरा होतो." हवालदार म्हणाला, "काका, गिरी नहीं तो गिरी हुई कैसे दिखी?" हे म्हणाले, "आप लिखो, गिरी हुई." पाऊण तासाने हवालदाराने कागद फाडला आणि समोरच्या पानवाल्याला साक्षीदार केलं. तो त्या दिवशी गावातच नव्हता, पण सांगायला तयार होता.

माणूस तुसडा आहे, असा मात्र यातून कुणी अर्थ काढू नये. गल्लीत एक व्यापारी वारले, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांना देवमाणूस म्हणत होता. यांची पाळी आली. हे म्हणाले, "माझ्याशी ते बरे वागले. एकदा पावसात छत्री दिली होती. बाकीचं मी पाहिलेलं नाही." सगळे चपापले. महिन्याभराने त्या व्यापाऱ्याच्या पत्नी माझ्या बहिणीला म्हणाल्या, त्या तेरा दिवसांत एवढं एकच वाक्य खरं वाटलं, छत्रीचं.

अशा माणसाला मित्र मिळणं कठीण. यांना एकच आहे, शाळेच्या बाकावरचा. शाहपूरला त्याची केळीची बाग आहे आणि तो स्वभावाने यांच्या अगदी उलटा. त्याच्या सांगण्यात प्रत्येक घड चाळीस किलोचा असतो, प्रत्येक साप हातभर जाड असतो आणि प्रत्येक व्यापारी त्याच्या पाया पडून गेलेला असतो. तो यांना काचवाला म्हणतो, हे त्याला पाटील म्हणतात. दर आठवड्याला तो काही ना काही कामाने बुऱ्हाणपूरला येतो आणि ओट्यावर बसून दोघांचं एकच भांडण पन्नास वर्षं चालू आहे.

"काल घड उतरवला बे काचवाल्या. चाळीस किलो."

"काट्यावर टाकला?"

"हाताला कळते ना!"

"हाताला जड कळतं. किलो कळत नाहीत."

"तुझ्यासंग बोलणं म्हणजे पोलीस ठाण्यात बसणं आहे," असं म्हणून पाटील चहा मागवायचा.

गेल्या वर्षी चैत्रात पाटलाच्या डाव्या हातातून वस्तू पडायला लागल्या. आधी तंबाखूची डबी, मग कोयता, मग एक दिवस नातवंड पडता पडता राहिलं. इंदूरला नेलं. मेंदूत उजव्या बाजूला गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ काढली. हे तिथे अकरा दिवस रुग्णालयाच्या बाकावर बसून होते. काय झालं, असं फोनवर मी रोज विचारत होतो आणि रोज उत्तर मिळत होतं, "आत नेलेलं पाहिलं," "बाहेर आणलेलं पाहिलं," "डोळे उघडलेले पाहिले." पाटलाच्या मुलांनी गावात मावा जिलेबी वाटली. सगळी गाठ निघाली, बाबा बरे झाले, आता फक्त काही दिवस मशीनच्या किरणांचा शेक द्यायचा, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

तीन आठवड्यांनी पाटील डोक्याला उपरणं गुंडाळून ओट्यावर आला. मी तिथेच होतो. धाकटा मुलगा त्याला सोडून बाजारात गेला, तसा तो यांच्याकडे सरकला.

"ऐक. एक गोष्ट मले समजून नाही राहिली."

"कोणती?"

"घरचे माझं ऐकून राहिले."

"मग?"

"अरे, चाळीस वर्षं ज्या घरानं माझा एक शब्द नाही मानला, ते आता सगळ्याले हाव म्हणून राहिले. परवा मी मुद्दाम म्हटलं, विहिरीवरची मोटर विकून टाकू. थोरला म्हणे, हाव बाबा, विकू. मी म्हटलं, मग बागेले पाणी काय तुझ्या सासऱ्याच्या घरून आणू? तरी म्हणे, हाव बाबा. बिलकुल खतरा आहे."

मग पाटलाने खरा प्रश्न काढला. मृगाची लागवड दीड महिन्यावर आली होती. केळीच्या बागेत घड उतरले की दोन रस्ते असतात. जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू वाढू द्यायचं, याला पील ठेवणं म्हणतात. त्याचा घड आठ-नऊ महिन्यांत हाती येतो, पण लहान येतो. नाहीतर सगळं उपटून नवी रोपं लावायची. त्यांचा घड मोठा, पण कापणीला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. पाटलाने उभ्या जन्मात पील ठेवलेलं नव्हतं. पील ठेवणारा हा शेतकरी नसून भाडेकरू असतो, असं तो चारचौघांत म्हणायचा.

"तर सांग. पील ठेवू का नवी लावू? सरळच विचारतो. माझ्यापाशी वर्ष आहे का नाही? पोरं नाही सांगणार. तू खोटं नाही बोलत."

"मी पाहिलेलं नाही," हे म्हणाले.

"मग पाहून ये ना! तुझी पुतणी पुण्याले हेच तर करते. ह्याच गाठीच्या पेशी घेऊन बसते म्हणून तूच गावभर सांगत फिरतो."

"ती तसं म्हणते, असं सांगतो."

"आता पाहून सांग."

यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला. मग म्हणाले, "पाहून सांगतो."

ती पुतणी म्हणजे माझी भाची. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ती मेंदूच्या गाठींतल्या पेशी कशा हलतात यावर काम करते. तिच्या मोठ्या बाबांनी गाडीतून उतरल्यावर पहिलं काम काय केलं, तर पिशवीतून आपला कॉलेजातला पांढरा कोट काढून फलाटावरच अंगात घातला. प्रयोगशाळेत गेल्यावर तिने फळ्यावर चित्र काढून समजावलं. गाठ ढेकळासारखी एका जागी बसून राहत नाही. तिच्या काठावरच्या काही पेशी सुट्या होऊन मेंदूच्या आत सरकत जातात, म्हणून शस्त्रक्रियेत दिसेल तेवढं सगळं काढलं तरी न दिसणारं मागे राहतं. पेशीच्या आत एक प्रथिन असतं, निरोप्यासारखं. बाहेरून इशारा आला की ते पेशीच्या सांगाड्याला कळवतं, पुढचा पाय टाक, मागचा सोड. धडधाकट पेशीतही ते असतं आणि तिथे ते आपल्या मर्यादेत राहतं. ती ज्या पेशींवर काम करते त्यांत ते फार झालेलं असतं आणि इशारा असो नसो, कळवतच राहतं.

"पाय तू पाहिलेस?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"हो. तुम्हालाही दाखवते. कॅमेरा दर दहा मिनिटांनी फोटो काढतो, आम्ही ते जोडतो. उद्या सकाळी फिल्म बघा."

"फिल्म नको. फिल्ममध्ये मधली दहा मिनिटं कुठे जातात?"

भाची मला फोनवर म्हणाली, की तिच्या प्रबंधाच्या परीक्षकांनीही तिला एवढं छळलं नव्हतं. शेवटी तिने त्यांच्यासाठी दोन थाळ्या वेगळ्या काढल्या. दोन्हींच्या तळाशी गाठीच्या पेशींचा एकसारखा थर होता. एका थाळीतल्या पेशींना ते प्रथिन अडवणारं औषध दिलेलं होतं, दुसरीला नाही. दोन्ही थरांत तिने बारीक टोकाने एक सरळ रेघ ओढली, म्हणजे मधोमध मोकळी वाट तयार झाली. आता पेशी त्या वाटेत उतरतात की नाही ते पाहायचं. औषध कुठल्या थाळीत आहे ते ती सांगणार, तेवढ्यात यांनी हात वर केला. "सांगू नकोस. सांगितलंस तर मला तेच दिसेल." थाळ्यांवर त्यांनी स्वतःच्या हाताने 'अ' आणि 'ब' लिहिलं, वहीत दोन चौकटी आखल्या आणि पेन्सिलीला टोक केलं. थाळी जास्त वेळ बाहेर ठेवली तर पेशी मरतात, म्हणून ती दर तासाला मिनिटभरच सूक्ष्मदर्शकाखाली यायची, हे डोळा लावायचे, वाटेचे दोन्ही काठ जसेच्या तसे वहीत काढायचे आणि खाली 'मधला तास पाहिलेला नाही' असं लिहायचे. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत, चष्मा वर, चष्मा खाली.

मधल्या रिकाम्या पाऊण-पाऊण तासांत त्यांनी मोठी चूक केली. कोपऱ्यात बेसिनपाशी बाटल्यांचा आणि चंचुपात्रांचा ढीग पडला होता. बत्तीस वर्षं ज्या हातांनी असा ढीग पाहिला की बाह्या सारल्या, ते हात थांबणार कसे? त्यांनी तो सगळा ढीग साबणाच्या पावडरीने चकाचक घासला, सात पाण्यांतून काढला आणि उपडा मांडून ठेवला. पेशी वाढवण्याच्या बाटल्यांना तिथे साबण लावतच नाहीत. साबणाचा अंश राहिला तर पेशी मरतात, म्हणून त्यांची धुलाई वेगळी असते. तिथला परिचर चहा घेऊन आला, त्याने ती चकाकी पाहिली आणि तो मटकन खाली बसला. सगळं काचसामान नव्याने धुवावं लागलं, वाफेच्या भट्टीतून काढावं लागलं, तिथल्या दोन संशोधकांचे प्रयोग एक दिवस पुढे गेले. मोठ्या बाबांनी प्रमुख बाईंपुढे उभं राहून स्वतःहून सांगितलं, "मी धुतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. विचारायला हवं होतं." बाई हसल्या. पण खरी माफी त्यांनी मागितली ती परिचराची, आणि मग दोघं मिळून संध्याकाळपर्यंत बाटल्या धूत होते. परिचराने त्यांना नवी रीत शिकवली, यांनी त्याला थेंब ओघळण्याची परीक्षा शिकवली. निघताना तो म्हणाला, "काका, परत या. पण हात बांधून या."

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी पुन्हा डोळा लावला आणि वहीत शेवटची चित्रं काढली. 'अ' थाळीतली वाट जवळजवळ बुजली होती. पेशी दोन्ही काठांवरून लांब होत, एकेक पाय पुढे टाकत मध्ये उतरल्या होत्या. काही तर थराला सोडून एकट्याच पुढे गेल्या होत्या. 'ब' थाळीत वाट होती तशीच होती. "औषध 'ब'मध्ये आहे," त्यांनी सांगितलं. बरोबर होतं. भाचीला वाटलं, आता ते खूश होतील. ते म्हणाले, "पाटलाच्या डोक्यात कुठली थाळी आहे?" ती म्हणाली, "मोठे बाबा, डोकं म्हणजे थाळी नव्हे. हे औषध अजून माणसाला दिलेलंच नाही. शिवाय चालणं थांबवलं तर त्या पेशी थांबल्या जागी जोमाने वाढतात का, तेही आम्ही अजून बघतोय." त्यांनी हेही लिहून घेतलं. गाडीत बसताना कोटाची घडी घातली आणि ती पिशवीत ठेवली.

परत आल्यावर त्यांनी मला बोलावलं. मी इथल्या एका वर्तमानपत्रात लिहितो, म्हणून ते मला पत्रकार म्हणतात. "पत्रकार, शाहपूरला चला. मी काय बोललो ते उद्या कुणी बदलून सांगायला नको." मी गेलो. पाटील बागेच्या बांधावर खाटेवर बसला होता. मुलं चहा आणायला घराकडे गेलेली होती. यांनी वही उघडून चित्रं दाखवली, पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत. पाटलाने एकेक पान निरखून पाहिलं.

"म्हणजे आपल्या पिलासारखं," तो म्हणाला. "वरून कापलं तरी हातभर बाजूले निघते."

"पील कंदाला जोडलेलं असतं. या जोडलेल्या नसतात. सुट्या चालतात."

"मग तर पिलापेक्षा वाईट."

"हो."

बागेत ठिबकच्या नळ्यांचा आवाज येत होता.

"आणि ह्या दुसऱ्या पानावरच्या थांबल्या त्या?"

"थाळीत थांबल्या. माणसात थांबतात का, ते कुणीच पाहिलेलं नाही. मी विचारलं किती दिवस लागतील. ती म्हणाली, दिवस नाही, वर्षं."

"माझ्या कामाचं नाही मग."

"तुझ्या कामाचं असेल असं सांगता येत नाही."

"सीधी बात कर ना बे. वर्ष आहे का नाही?"

मी त्यांना पस्तीस वर्षं ओळखतो. शब्द तोंडाशी आणून ते परत नेतात, असं त्या दिवशी प्रथमच पाहिलं. मग म्हणाले, "इंदूरला डॉक्टरांच्या खोलीचा दरवाजा काचेचा होता. तुझ्या पोरांनी डॉक्टरांपुढे हात जोडलेले मी पाहिले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. डॉक्टरांना माहीत आहे. तू स्वतः जा आणि स्वतः विचार. पोरांना बाहेर बसव. मी तुझ्याबरोबर येतो."

"इतके दिवस नाही बोलला?"

"तू विचारलं नव्हतंस. आणि..." इथे ते अडखळले. "आणि मला सांगवलं नाही."

पाटील हसला. खरंच हसला, खाट करकरेपर्यंत. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा खोटारडा निघाला रे काचवाल्या!" मग उपरण्याने डोळे पुसले आणि हात पुढे केला. यांनी तो धरला. डावा होता, बोटं नीट मिटत नव्हती.

दोघं इंदूरला गेले. डॉक्टरांनी काय सांगितलं, ते मला ठाऊक नाही. यांना विचारलं, तर म्हणाले, "मी बाहेर बसलो होतो." एवढं मात्र खरं, की परतल्याच्या दुसऱ्या दिवशी पाटलाने मुलांना बोलावलं आणि सांगितलं, जुनी बाग उपटा, रोपं मागवा. थोरला "हाव बाबा" म्हणाला, तशी पाटलाने त्याला शिवी दिली. "हाव काय म्हणतो? भांड ना! घड कापायला मी असेन का नाही ते मालूम नाही, आणि तू हाव म्हणतो?" मग मुलगा खरोखर भांडला. पील ठेवू, बाबा, तुम्ही थकाल, यंदा राहू द्या, असं रडत रडत भांडला. पाटील म्हणाला, "पील ठेवलं म्हणजे मीच कबूल केल्यासारखं होते. नवी लावा." त्या दिवशी त्या घरात बऱ्याच दिवसांनी सगळ्यांनी जेवताना आरडाओरडा केला, असं धाकट्या सुनेने माझ्या बहिणीला सांगितलं.

लागवडीच्या दिवशी हे मोजपट्टी घेऊन हजर. पाच फुटांवर रोप म्हणजे पाच फुटांवर. चार फूट अकरा इंचावर लावलेलं एक रोप त्यांनी उपटायला लावलं, तेव्हा मजूर बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "ओ काका, केळीले पट्टी नाही दिसत, पाणी दिसते." ते म्हणाले, "पाणी किती दिलं ते मोजलं का?" बाईने टोपली उचलली आणि ती पलीकडच्या ओळीला निघून गेली. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी त्यांनी पत्र्याची पाटी रोवली, तारखेसह. पाटील खाटेवरून ओरडत होता, "अरे, ही बाग आहे का तुझी बरण्यांची मांडणी?" आणि ओरडताना तो इतका आनंदात होता, की शेक घेऊन आलेला माणूस तो वाटत नव्हता.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. शेक संपला, गोळ्या सुरू झाल्या. दिवाळीपर्यंत पाटील बांधावरून स्वतः चालत होता. मार्गशीर्षात डावा पाय ओढू लागला. संक्रांतीच्या सुमारास पुन्हा तपासणी झाली, तेव्हा कापलेल्या जागेपासून बोटभर अंतरावर एक नवा ठिपका दिसला. तपासणीची फिल्म हे उजेडाकडे धरून फार वेळ पाहत होते. औषध बदललं. दरम्यान बाग माणसाच्या डोक्याच्या वर गेली, पानं एकमेकांना भिडली. ओल्या सऱ्यांत पाय टाकणं पाटलाला जमेना, म्हणून तो बांधावर खाटेवर बसतो आणि आत काय चाललंय ते दुसऱ्यांना विचारतो. मुलं सांगतात, पण मुलांवर त्याचा भरवसा नाही. म्हणून आठवड्यातून तीनदा हे बसने शाहपूरला जातात.

फेब्रुवारीत एका दुपारी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. सात-आठ महिने झाले की झाडाच्या माथ्यातून केळफुलाचं लाल टोक बाहेर येतं, याला बाग निसवणं म्हणतात. त्यानंतर घड भरायला आणखी तीन-चार महिने. पाटलाची नजर त्या एकाच गोष्टीवर होती. हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सरीत शिरले. प्रत्येक झाडापाशी थांबायचे, मान मागे टाकून माथ्याकडे पाहायचे, पुढे जायचे. अर्ध्या तासाने बाहेर आले. पाय चिखलाने भरले होते, चष्म्यावर पानांचं पाणी.

"तिसरी ओळ. बांधाकडून सोळावं झाड."

"काय?" पाटील सरळ बसायचा प्रयत्न करत होता. मी पाठीला हात दिला.

"टोक दिसतंय. लाल. एवढं." त्यांनी अंगठ्याचं पेर दाखवलं.

पाटलाचं तोंड एका बाजूने हसलं, दुसरी बाजू आता हलत नाही. "एकच?"

"एकच."

"एक निघालं म्हणजे बाग निघाली. लिहून घे तुझ्या वहीत."

बागेत झाडं दोन हजारांच्या वर होती. त्यांनी खिशातून वही काढली, मांडीवर ठेवली, काहीतरी लिहिलं आणि ती मिटली. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. मग चष्मा पुसला, खाटेवरून उठले आणि पुन्हा सरीत शिरले.

"अरे काचवाल्या, ऊन उतरलं! ये बाहेर, बाकीची उद्या पाहू!" पाटलाने हाक मारली.

ते झाडांआड दिसेनासे झाले होते. ओळीमागून ओळ पानं हलत जात होती, तेवढ्यावरून ते कुठवर पोचले ते आम्हाला कळत होतं.